खिडकीतलं ऊन पुरत नाही: मुंबईत दिवसभर आत काम करणाऱ्यांसाठी व्हिटॅमिन डीचं उत्पादन घडवताना

लोअर परळच्या एका ऑफिसात मला अकराव्या मजल्यावर खिडकीची जागा मिळाली होती. चार वर्षं रोज दुपारी माझ्या डाव्या हातावर ऊन पडायचं. तरी एका वर्षीच्या रक्ततपासणीत व्हिटॅमिन डी ९ आलं, म्हणजे फारच कमी. डॉक्टरांना म्हटलं, "अहो, मी रोज उन्हातच बसते की." त्यांनी एकच विचारलं, "मध्ये काच असते का?"

त्या प्रश्नानंतर मी आणि माझे दोन मित्र याच कामाला लागलो. ऑफिसात, कारखान्यात, गोदामात दिवस काढणाऱ्या माणसांपर्यंत ऊन पोचवणाऱ्या वस्तू आणि सोयी आम्ही करून पाहिल्या. काही जमल्या, काही टाकून द्याव्या लागल्या. तुम्ही डिझाइन शिकत असाल, नवा उद्योग काढत असाल किंवा एखाद्या कंपनीत फॅसिलिटीचं, म्हणजे इमारतीच्या देखभालीचं, काम बघत असाल, तर आम्ही घातलेले वळसे तुम्हाला घालावे लागू नयेत म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी ऊन समजून घ्या

आपल्या त्वचेत ७-डिहायड्रोकोलेस्टेरॉल नावाचा पदार्थ असतो. सूर्यप्रकाशातले साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे यूव्हीबी (अतिनील किरणांतला एक प्रकार) किरण त्यावर पडले की व्हिटॅमिन डी-३ चं पूर्वरूप तयार होतं. शरीराच्या उबेनं त्याचं डी-३ होतं, आणि पुढे यकृत व मूत्रपिंड त्याला कामाचं रूप देतात. साध्या खिडकीच्या काचेतून यूव्हीबी जवळजवळ येतच नाही, यूव्हीए, म्हणजे जास्त लांबीच्या तरंगांचे अतिनील किरण, मात्र बरेचसे येतात. त्यामुळे खिडकीत बसून हात काळवंडतो, पण डी बनत नाही. मोटारीच्या बंद काचांमागेही हेच होतं.

दुसरा गैरसमज कोवळ्या उन्हाचा, आणि तो आपल्या घराघरात आहे. सकाळी सातच्या उन्हात बाळाला धरलं की ऊब मिळते, बरं वाटतं, हे खरंच. पण त्या वेळी किरण तिरपे येतात, हवेच्या जाड थरातून आणि ओझोनमधून त्यांना लांबचा प्रवास पडतो आणि त्यात यूव्हीबी गाळलं जातं. भरवसा ठेवावा अशी खूण एकच आहे: सावली. तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा बुटकी असेल तर सूर्य ४५ अंशांच्या वर आहे आणि ऊन कामाचं आहे. सावली लांब असेल तर फिरायला जरूर जा, पण डी मिळेल या आशेनं नको. तिरुपतीत झालेल्या अभ्यासातही डी बनण्यासाठी सकाळी ११ ते दुपारी २ हाच काळ सर्वांत चांगला ठरला होता.

मुंबईचं गणित यात फार अनुकूल आहे. शहर साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे २१ डिसेंबरलाही भर दुपारी सूर्य ४७ अंशांच्या आसपास चढतो. म्हणजे वर्षातला एकही दिवस असा नाही की दुपारी सावली उंचीपेक्षा बुटकी होत नाही. फरक पडतो तो कालावधीत. डिसेंबरच्या शेवटी ही वेळ जेमतेम दोन तासांची असते, साधारण साडेअकरा ते दीड. मे महिन्यात ती सकाळी साडेनऊपासून दुपारी साडेतीनच्या पुढेपर्यंत ताणते, आणि मेच्या मध्याला व जुलैच्या अखेरीस शून्य सावलीचा दिवसही येतो. सूर्य डोक्यावर बारा वाजता येत नाही हेही ध्यानात ठेवा. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर चालतं, मुंबई त्याच्या बरीच पश्चिमेला आहे, त्यामुळे इथली खरी मध्यान्ह साडेबारा-पावणेएकला होते. नेमकी त्याच वेळी आपली मीटिंग चालू असते.

यात अन्नापेक्षा उन्हाचा वाटा मोठा आहे, हे आपल्याच प्रांतात शंभर वर्षांपूर्वी दिसून आलं होतं. नाशिकमधल्या मुडदूस आणि हाडं मऊ पडण्याच्या आजाराची पाहणी हचिसन आणि शाह यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केली. खाऊन-पिऊन सुखी घरांत, जिथे बायका-मुलं पडद्यात राहायची, तिथे हा आजार होता. निकृष्ट जेवणावर पण उघड्यावर राबणाऱ्या गरिबांत तो दिसत नव्हता. आज पडद्याच्या जागी काचेचा दर्शनी भाग आणि सेंट्रल एसी आला आहे.

पायरी पहिली: माणसाचा दिवस लिहून काढा

उत्पादनाचा विचार करण्याआधी वही घ्या. ज्यांच्यासाठी काम करायचं आहे त्यांच्यापैकी दहा-बारा जणांचे पाच कामाचे दिवस लिहा. ११ ते ३ या वेळात मोकळ्या आकाशाखाली किती मिनिटं गेली, अंगाचा कोणता भाग उघडा होता आणि बाहेर न पडण्याचं कारण काय, एवढंच. छत, झाड, पूल, स्कायवॉक यांखालची मिनिटं वेगळी लिहा.

हे केलं की कळतं, ‘आत काम करणारे’ ही एक जमात नाही. डोंबिवलीहून सकाळी निघून बीकेसीत पोचणाऱ्या मुलीची अडचण वेळेची आहे. अंधेरीच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रात दागिने घडवणाऱ्या कारागिराची अडचण गेटची आहे, कारण आत-बाहेर करताना झडती असते. झवेरी बाजारातल्या माळ्यावर बसणाऱ्याला गल्लीत उतरूनही आकाश दिसत नाही. भिवंडीच्या गोदामात दारासमोर उघडं आवार आहे, पण सुपरवायझर बघतो. रात्रपाळीच्या कॉल सेंटरवाल्यांची दुपार झोपेची असते. तळघरातल्या पार्किंगचे सुरक्षारक्षक बारा-बारा तास ट्यूबलाइटखाली असतात आणि कंपनीच्या आरोग्य शिबिरात त्यांचं नावही नसतं, कारण ते कंत्राटदाराचे. मला विचाराल तर पहिलं उत्पादन त्यांच्यासाठीच करावं.

एक कारण वहीत कोणी आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं: काळं पडण्याची भीती. बायकांच्या बाबतीत गालावर वांग वाढण्याचीही, आणि ती भीती रास्त आहे. या भीतीला उत्तर न देणारं कुठलंही उत्पादन आठवड्याभरात कपाटात जातं.

पायरी दुसरी: मात्रा ठरवा आणि तिला कमाल मर्यादा घाला

चेहरा अंगाच्या मानानं लहान आहे. तो झाका: टोपी, ओढणी, सनस्क्रीन, काहीही. उघडे हवेत ते कोपरापासून हात आणि गुडघ्याखालचे पाय. सावळ्या त्वचेतलं मेलॅनिन यूव्हीबी अडवतं, म्हणून आपल्याला गोऱ्या कातडीपेक्षा जास्त वेळ लागतो. सुरुवात दहा मिनिटांनी करावी, त्वचा लाल होत नाही असं पाहत वीस-तीसपर्यंत जावं, आठवड्यातून तीन-चार दिवस. लाली आली म्हणजे मात्रा जास्त झाली.

जास्त वेळ बसून डी वाढत जात नाही, ही गोष्ट उत्पादन बनवणाऱ्यांनी मनावर कोरून घ्यावी. ठरावीक प्रमाणानंतर त्वचेतलं पूर्वरूप ल्युमिस्टेरॉलसारख्या निरुपयोगी पदार्थांत बदलायला लागतं. त्यामुळे ‘कोण जास्त वेळ उन्हात’ अशी स्पर्धा, गुण, बक्षिसं यांतलं काहीही ठेवू नका. आमच्या पहिल्या ॲपमध्ये आम्ही गुण ठेवले होते. एप्रिलमध्ये एक मुलगा पाऊण तास गच्चीवर बसला आणि संध्याकाळी तापानं फणफणला. दुसऱ्या दिवशी आम्ही गुण काढून टाकले आणि ठरलेली मिनिटं झाली की ‘आत चला’ असं सांगणारी घंटा घातली.

ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) असलेले, उन्हानं पुरळ येणारे, डॉक्सिसायक्लिनसारखं ऊन बाधवणारं औषध घेणारे यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यात पडू नये. हे वाक्य तुमच्या पाटीवर मोठ्या अक्षरात असू द्या.

पायरी तिसरी: जागा घडवा

आम्ही केलेल्यांत सगळ्यांत उपयोगी ठरलेली गोष्ट ही, म्हणून तिच्यावर सविस्तर लिहिते. गच्चीवर किंवा आवारात दहा-बारा माणसांचा उन्हाचा कोपरा.

प्रथम आकाश मोजा. जमिनीवर फोन उताणा ठेवून वाइड कॅमेऱ्यानं वरचा फोटो काढा. चौकटीत इमारती किती आणि आकाश किती ते दिसेल. लोअर परळसारख्या ठिकाणी टॉवरांनी आकाश इतकं खाल्लेलं असतं की खालच्या पोडियमपेक्षा गच्ची बरी. दक्षिणेकडे विशेष पाहा. डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला कलतो, तिथे जवळच उंच टॉवर असेल तर ऐन गरजेच्या महिन्यांत कोपरा सावलीत जाईल. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मात्र मध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेला असतो.

मग छप्पर. इथे बहुतेक कंत्राटदार चुकतात. ‘ऊन येईल असं पारदर्शक छप्पर’ म्हटलं की ते पॉलिकार्बोनेटचे पत्रे सुचवतात. दिसायला लख्ख उजेड, पण पॉलिकार्बोनेट यूव्हीबी जवळपास पूर्ण अडवतं. टफन्ड काचेचंही तेच. ईटीएफई नावाच्या फिल्ममधून यूव्ही जातं, पण ती महाग. आमचं उत्तर साधं: वर काहीच नको, आणि जे हवं ते सरकतं हवं.

सरकतं का, ते सांगते. लहान तरंगलांबीचे किरण हवेत जास्त विखुरतात, म्हणून तर आकाश निळं दिसतं. यूव्हीबी त्याहून जास्त विखुरतं. त्यामुळे थेट सूर्य एका कापडी तुकड्यानं अडवला आणि बाकीचं आकाश मोकळं ठेवलं, तर उष्णता खूप कमी होते आणि यूव्हीबीचा बराच हिस्सा तरीही मिळत राहतो. जानेवारीत कापड बाजूला सारा, हातापायांवर थेट ऊन घ्या. एप्रिल-मेमध्ये कापड सूर्यासमोर ओढा आणि मोकळ्या आकाशाच्या सावलीत बसा. झवेरी बाजारातल्या गल्लीतली सावली वेगळी, कारण तिथे आकाशच नाही. यासाठी लोखंडी पाइपाची चौकट, दोरीवर सरकणारं जाड सुती कापड आणि दोन कप्प्या पुरतात.

बाक सूर्याकडे पाठ येईल असे लावा, म्हणजे चेहरा आपोआप सावलीत राहतो आणि पोटऱ्या उन्हात. न सरकणारं असं फक्त एक, डोक्यापुरतं दोन फुटांचं झाकण असू द्या. खाली जुना चायना मोझॅक असेल तर राहू द्या, तो काळ्या वॉटरप्रूफिंगइतका तापत नाही. प्यायच्या पाण्याची सोय हाताशी हवी. बायकांसाठी खांद्यापर्यंत उंच कापडी आडोसा आणि आतून कडी असलेलं दार, वर आकाश पूर्ण मोकळं. बुरखा किंवा पूर्ण बाह्यांचे कपडे घालणाऱ्या मैत्रिणींना ही एक सोय नसेल तर बाकी सगळं निरर्थक आहे.

काही ठिकाणी थांबायलाच हवं. रेफ्यूज एरियात बाक टाकू नका, ती जागा आगीच्या वेळी माणसं थांबण्यासाठी मोकळी ठेवायची असते, शिवाय तिला वर छत असतं. कठड्याची उंची आणि पकड इमारतीच्या अभियंत्याकडून तपासून घ्या. एसीच्या कूलिंग टॉवरच्या तुषारांपासून लांब बसा. हवामान खातं किनारपट्टीसाठी उष्णतेच्या लाटेचा इशारा कमाल तापमान ३७ अंश किंवा जास्त आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी चढं असताना देतं. त्या दिवशी कोपरा बंद.

पायरी चौथी: वेळ दाखवा

आमचं पहिलं यंत्र गळ्यात घालायचा बिल्ला होता, आत यूव्ही सेन्सर. एलटीआर-३९० किंवा जीयूव्हीए-एस१२एसडी असे सेन्सर मुंबईत सहज मिळतात आणि विद्यार्थी त्यांच्यावरच सुरुवात करतात. अडचणी लिहून ठेवते: त्यांना यूव्हीएही लागू पडतं, त्यामुळे त्यांच्या आकड्यातून ‘इतकं डी बनलं’ असं सांगता येत नाही. वर साधी काच लावली की वाचन कमी येतं, टेफ्लॉनची पातळ चकती लावावी लागते. आणि बिल्ला ओढणीखाली गेला की संपलं. माणशी सेन्सर ही कल्पना आम्ही सोडली.

त्याऐवजी सावलीकाठी केली. गच्चीवर एक मीटर उंच सरळ काठी, तिच्याभोवती एक मीटर त्रिज्येचं रंगवलेलं वर्तुळ. सावलीचं टोक वर्तुळाच्या आत आलं की ऊन कामाचं. बॅटरी नाही, भाषा नाही, सुरक्षारक्षकापासून संचालकापर्यंत सगळ्यांना कळते. हीच वेळ रोजच्या तारखेवरून मोजून लिफ्टच्या लॉबीतल्या पाटीवर लावायची: ‘आज बुटकी सावली ११.३५ ते १.३५’. सोबत यूव्ही निर्देशांक, म्हणजे अतिनील किरणांचा जोर सांगणारा आकडा, दाखवा. वापर व्यावसायिक नसेल तर ओपन-मिटिओसारख्या सेवेतून त्याचा अंदाज मोफत मिळतो. ३ पासून पुढे चेहरा झाकावा, आणि मुंबईच्या उन्हाळ्यात तो ११ च्या वर जातो तेव्हा मिनिटं निम्मी करावीत.

पाटीपेक्षाही परिणामकारक गोष्ट म्हणजे कॅलेंडर. साडेबाराची बैठक उभ्यानं, गच्चीवर, वीस मिनिटं. टीमच्या प्रमुखानं स्वतः यावं. तो आला तर बाकीचे येतात, हे प्रत्येक ठिकाणी पाहिलं. दुकानं आणि आस्थापनांच्या कायद्यात किमान अर्ध्या तासाच्या विश्रांतीची तरतूद आहेच. ती उन्हाच्या वेळेत बसवणं एवढंच मागायचं आहे. लिफ्टची वाट पाहण्यात किती मिनिटं जातात ते घड्याळ लावून पाहा आणि बैठकीच्या वेळेत धरा.

ताट आणि गोळी

रात्रपाळीवाले आणि गेटच्या आत अडकलेले कारागीर यांना, आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत इतरांनाही, ऊन पुरणार नाही. त्यांच्यासाठी ताटाकडे वळा, पण अपेक्षा मोजून ठेवा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढाला दिवसाला ६०० आययू (व्हिटॅमिन मोजण्याचं आंतरराष्ट्रीय एकक) डी लागतं. ‘+एफ’ चिन्हाच्या, म्हणजे वरून पोषक घटक घातलेल्या, दुधात लिटरला २०० ते ३०० आययू असतं, म्हणजे पेलाभर दुधातून ४० ते ६०. कँटीनचं दूध आणि तेल या चिन्हाचं आणायला सांगा, खर्च फारसा वाढत नाही. मासे खाणाऱ्यांच्या ताटात बांगडा आणि तारली, बाकीच्यांना पिवळ्यासकट अंडं.

शाकाहाऱ्यांसाठी मला आवडलेली कल्पना मश्रूमची. मश्रूममधल्या अर्गोस्टेरॉल या पदार्थाचं ऊन लागलं की व्हिटॅमिन डी-२ होतं. बटण मश्रूम कापून दुपारच्या बुटक्या सावलीच्या वेळी तास-दीड तास उघड्या ट्रेमध्ये ठेवले की प्रमाण चांगलंच वाढतं. ट्रेवर काचेऐवजी मच्छरदाणीची जाळी. कँटीनवाल्याला गच्चीवरचे असे ट्रे बनवून देणं हा छोटा, सरळ धंदा होऊ शकतो.

गोळ्यांच्या बाबतीत मी कडक आहे. कंपनीच्या शिबिरात सरसकट सगळ्यांचं डी तपासायचं आणि कमी आलेल्यांना तिथेच पाकिटं विकायची, हा प्रकार मला मान्य नाही. संप्रेरकतज्ज्ञांच्या एंडोक्राइन सोसायटीच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनाही निरोगी प्रौढांची सरसकट तपासणी नको म्हणतात. ६०,००० आययूची गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची असते, आणि ती रोज घेतलेली माणसं मी पाहिली आहेत. रक्तातलं कॅल्शियम चढतं, उलट्या होतात, मूत्रपिंडावर बेततं. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय रोज घ्यायची वरची सुरक्षित मर्यादा ४,००० आययू आहे. इथे खरी गरज साध्या डबीची आहे: डॉक्टरांनी लिहून दिलेल्या आठवड्यांइतकेच कप्पे, प्रत्येकावर तारीख आणि शेवटच्या कप्प्यावर ‘आता थांबा, डॉक्टरांना भेटा’ ही मराठी-हिंदी ओळ.

यूव्हीबी दिवे टेबलावर ठेवायची कल्पना दर वर्षी कोणीतरी घेऊन येतं. डोळ्यांना आणि त्वचेला इजा करणारी ही वस्तू डॉक्टरांच्या देखरेखीबाहेर नको. आणि ‘फुल स्पेक्ट्रम’ म्हणून विकले जाणारे उजळ दिवे मन प्रसन्न करत असतील, डी बनवत नाहीत.

पायरी पाचवी: दावे आणि कागद

पूरक आहार विकायचा तर एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना आणि त्याचे पूरक आहाराचे नियम लागू होतात, पाकिटावर ते औषध नसल्याचं छापावं लागतं. रोगनिदान किंवा उपचाराचा दावा केलात तर ॲप किंवा यंत्र २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांत जातं. म्हणून बाकावर, पाटीवर, ॲपवर ‘कमतरता बरी करतो’ असं लिहू नका. ‘दुपारची वीस मिनिटं मोकळ्या आकाशाखाली’ एवढंच खरं आहे आणि तेवढंच लिहा. कर्मचाऱ्यांचे रक्ताचे अहवाल मालकाच्या हाती पडू देऊ नका. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहेच, पण त्याआधी विश्वासाचा प्रश्न आहे.

पायरी सहावी: करून पाहा

पावसाळा सरल्यावर, नोव्हेंबरच्या सुरुवातीला चाचणी सुरू करा. रक्तातल्या डीचं अर्धायुष्य दोन-तीन आठवड्यांचं असल्यामुळे बदल दिसायला दोन ते तीन महिने लागतात. आकाश मोकळं झाल्यावर आकडा आपोआपही सुधारू शकतो, म्हणून एक मजला कोपऱ्याविना ठेवा आणि दोन्हींची तुलना करा. रक्त तपासायचंच असेल तर एकच प्रयोगशाळा, एकच पद्धत, आणि संशोधनाच्या नीतिसमितीची (एथिक्स कमिटीची) परवानगी. नाहीतर फक्त मिनिटं मोजा: पहिल्या वहीतली आणि आताची. तिसऱ्या आठवड्यात गर्दी ओसरते. तेव्हा न येणाऱ्यांशी बोला, येणाऱ्यांशी नको.

विकायला एचआरकडे न जाता फॅसिलिटीच्या माणसाकडे जा. गच्ची त्याची असते. भाड्याच्या इमारतीत मालकाची लेखी परवानगी आधी घ्या. आमचा एक चांगला कोपरा दोन महिने बंद पडला होता, कारण गच्चीची चावी असलेला वॉचमन गावी गेला होता आणि दुसरी चावी कुठे आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. तेव्हापासून आमच्या करारात पहिलं कलम हेच असतं: दार सव्वाअकरा ते दोन उघडं, उघडणाऱ्याचं नाव, तो नसेल तेव्हाच्या माणसाचं नाव, आणि दुसरी चावी लॉबीच्या टेबलाच्या खणात.